लोकरीची दोरी

भरल्या विहिरीत पोहरा पडला की डुबुक्क असा गोड आवाज येतो. त्या उन्हाळ्यात तो आधी खडकावर आपटायचा, मग कलंडायचा, आणि पार्वतम्मा काठावरून दोर इकडून तिकडे हलवून त्यात पाणी गोळा करायची. पातेल्याच्या बुडाची खरवड काढावी तसं. पाणी वर यायचं ते गढूळ, अर्धा पोहरा. दोरानं तिच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती. रात्री ती हळद-तेल लावी, सकाळी ते दोराला लागे.

गावातले आड आटून गेले होते. बौद्धवाड्यातली विहीर तर संक्रांतीलाच कोरडी पडली. राहिली होती ती एकट्या सोमलिंगाप्पाच्या मळ्यातली मोटेची विहीर. मोट कधीच बंद पडली होती, पण सोमलिंगाप्पानं विहीर गावाला खुली केली होती. "पाणी समद्यांचं हाय," तो म्हणाला होता, "पर रीतीनं."

रीत म्हणजे अशी. गावातल्या बायांनी धावेवर, म्हणजे मोटेचे बैल चालायच्या उंच उतरणीवर, उभं राहून पोहरा सोडायचा. बौद्धवाड्यातल्या बायांनी खाली थारोळ्यावर, जिथं पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथं, बसून राहायचं. ज्या बाईला दया येईल ती वरून त्यांच्या भांड्यात ओतणार. कुणी ओतायच्या, कुणी "उशीर झालाय गं" म्हणत घागर उचलून निघून जायच्या.

पार्वतम्मानं मात्र कुणाला कधी कोरडं परत पाठवलं नव्हतं. आपली घागर भरली की खालच्यांतल्या एकीची भरायची, हा तिचा नेम. शाळेतल्या शांतलिंग गुरुजींची ती बायको. मास्तरीणबाई आली की थारोळ्यावरच्या बाया उठून उभ्या राहायच्या.

"मास्तरीणबाई, आज लई उशीर?" जाईबाई खालून विचारायची. जाईबाई खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायची. तिला शिट्टी वाजायच्या आत पाणी घरी टाकावं लागे. बरोबर तिची सातवीतली पोरगी गौतमी असायची.

"म्हातारा खोकलालाय रातभर. धर, हंडा फुडं सरक. तू मागं हो."

जाईबाई ॲल्युमिनियमचा, जर्मलचा हंडा पुढं सारून मागं सरे आणि पार्वतम्मा वरून ओते. एवढ्या उंचीवरून पाणी पडलं की निम्मं हंड्यात, निम्मं दगडावर. दगड तापलेला, पाणी चर्र करून वाळून जाई. त्या सांडलेल्या पाण्याचं पार्वतम्माला फार वाईट वाटे. वरून ओतण्याचं काही वाटत नसे. ती रीत होती, उंबऱ्यावर बसू नये तशी.

एका संध्याकाळी गुरुजी तालुक्याहून आले ते चप्पल न काढताच बोलायला लागले. एरवी ते बोलत कमी. घरात असले की पुस्तकात, पुस्तकात नसले की पुस्तक शोधण्यात.

"तालुक्याचा सहकारी संघ मुलांची युक्ती-स्पर्धा घेणार आहे. एक अडचण दिलीय. उंचावरच्या भांड्यातलं पाणी खालच्या भांड्यात न्यायचं. भांड्याला भांडं लागता कामा नये, नळी वापरायची नाही आणि थेंब सांडायचा नाही. सोडवायची मुलांनी. मास्तरनं नुसतं बघायचं."

खाटेवरचा म्हातारा सासरा, रेवणप्पा, खोकत हसला. "पाण्याची स्पर्धा! आरं, पाणी कुठं हाय ते सांगणाऱ्याला बक्षीस द्या म्हणावं."

"बक्षीसही पाण्याचंच आहे, अप्पा. जी शाळा जिंकेल तिच्या आवारात संघ बोअर पाडून देणार. हापसा बसवणार."

पार्वतम्माच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. शाळा आणि तिचं घर यांच्यामध्ये एक लिंबाचं झाड तेवढं होतं. हापसा तिनं एकदा अणदूरला खंडोबाच्या जत्रेत पाहिला होता. दांडा खाली दाबला की पाणी. दोर नाही, पोहरा नाही, धावेवर वाकायचं नाही.

"मग जिंका की," ती म्हणाली.

गुरुजींनी तिघं निवडली. एक त्यांची स्वतःची महादेवी. दुसरा शेजारच्या तुळजाबाईचा उत्तरेश्वर. हात सुताराचे, तोंड वकिलाचं. तिसरी गौतमी, जी वर्गात फारशी बोलत नसे, पण बोलली की गुरुजी खडू खाली ठेवत. शाळा सुटली की तिघं गुरुजींच्या अंगणात जमायची. महादेवी आणि उत्तरेश्वर ओट्यावर, गौतमी खाली पायरीशी.

"वर बस की गं पोरी," गुरुजी एकदा म्हणाले.

"हितं गार लागतंय, गुरुजी."

"बरं," म्हणून गुरुजींनी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

पार्वतम्मा पोरांना सुकडीचे लाडू वळून द्यायची आणि वर तोंड सोडायची. "प्यायला पाणी न्हाय आन तुमी खेळा त्याच्याशी. सांडलंत तर बगा. झाल्यावर ते गाईपुढं ठेवायचं, कळलं का?"

पळसाची पानं जोडून पन्हळ केली, ती सुटली. बांबू उभा चिरला. पाणी काठावरून निसटलं. उत्तरेश्वरानं एरंडाचा पोकळ दांडा आणला.

"ही नळी झाली," गुरुजी म्हणाले.

"नळी कशाची? झाड हाय की गुरुजी ते."

"झाडाची नळी."

"मग गाईचं तोंडबी नळीच म्हणा." उत्तरेश्वर रुसून दांडा मोडून बसला. गुरुजी हसले. पण दिवे लागले की ते पुन्हा पुस्तकं उलथीपालथी करत आणि "माझ्यानं व्हायचं नाही हे," असं स्वतःशी पुटपुटत. पार्वतम्माला ऐकू येई. ती तळहातांना तेल चोळत बसे.

जे अंगणात झालं नाही ते विहिरीवर झालं. सुट्टीचा दिवस होता, महादेवी आईबरोबर आली होती. पार्वतम्मा पोहरा ओढत होती आणि ओल्या दोरावरून पाणी ओघळून तिच्या कोपरापर्यंत येत होतं. रोजच येई. खाली बसलेली गौतमी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"महादे," ती म्हणाली, "पाणी दोरावरनं चाललंय, बग. खाली पडंना."

महादेवीनं पाहिलं. मग किंचाळली, "अव्वा, थांब! हालू नको!"

पोरींनी एकच गलका केला. महादेवीनं दोर भिजवला, पोहऱ्याच्या काठाशी धरला आणि त्याचं सुटं टोक खाली गौतमीकडं टाकलं. "ताणून धर. हंड्यात धर. अव्वा, आता हळूऽ ओत."

"टाक तो दोर!" पार्वतम्मा ओरडली. "खुळ्या झाल्या का गं? सुताला विटाळ चढतो. त्यांच्या हंड्यातनं दोराला, दोरावरनं पोहऱ्याला आन पोहऱ्यातनं साऱ्या हिरीला. सोमलिंगाप्पानं बगितलं तर?"

गौतमीनं टोक लगेच सोडून दिलं. जाईबाई जमिनीकडं बघत होती.

"मग कशाला चढत न्हाय?" महादेवीनं विचारलं. तिला वाद घालायचा नव्हता. फक्त अडचण सोडवायची होती.

"लोकरीला चढत न्हाय. रेशमाला न्हाय." डाळ शिजायला हळद घाल, असं सांगावं तसं पार्वतम्मानं सांगितलं. "म्हणून तर सोवळ्यात घोंगडी चालती."

दुपारी रेवणप्पाच्या जुन्या घोंगडीचा फाटका काठ नाहीसा झाला. "माझं कातडं सोलून न्या आता," म्हातारा खाटेवरून ओरडला. पोरींनी लोकर सोडवली, पिळली, उत्तरेश्वरानं तिची लांब दोरी वळली. पण लोकर पाणी धरेना. तिच्यातल्या तेलकटपणामुळं पाणी मोत्यासारखं घरंगळून जायचं. गौतमीनं चुलीतली राख कालवून दोरी त्यात रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी रिठ्यानं धुतली. मग पाणी दोरीला असं बिलगलं की बघत राहावं. वरून खाली एक चकाकती रेघ. थेंब म्हणून सांडला नाही.

गुरुजींना तर आनंदानं काय करावं सुचेना. "लोकरीचीच का रे पण?"

"तीच चालती, अप्पा," महादेवी वडिलांना म्हणाली, आणि गुरुजी ते पाणी बघत राहिले. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

तेव्हापासून विहिरीवर रोज तीच दोरी. उंच पोहरा, खाली ताणून धरलेलं टोक. तुळजाबाई, आणखी दोघी-तिघी, सगळ्याच तसं ओतायला शिकल्या. दगड आता कोरडा राहायचा आणि हंडा गळ्यापर्यंत भरायचा. पार्वतम्माला वाटलं, देवानं पोरांच्या रूपानं पुण्यच पदरात टाकलं.

"आमचं पाणी आता दोरीवरनं येतंय," जाईबाई हंडा डोक्यावर घेत म्हणाली. "उद्या तारंवरनं येईल. येत्या जन्मी कदाचित नुसत्या ढगातनंच येईल, कुणाला वर उभं ऱ्हायाला नको."

सगळ्या बाया हसल्या. पार्वतम्माही हसली.

स्पर्धा तालुक्याच्या बाजार-आवारात होती. संघानं मांडव घातला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या, कर्णे लावले होते. पार्वतम्मा ठेवणीतलं इरकल नेसून गेली. जाईबाई कामावरचा खाडा करून आली होती. लेकीला बघायचं होतं. सतरंजीच्या पलीकडं, जिथं माती सुरू होते तिथं ती बसली. कुणी तिला तिथं बस म्हटलं नव्हतं.

आधीच्या शाळांनी पन्हळी केल्या, चिंध्या लावल्या, एकानं तर गव्हाच्या पिठाची वळकटी केली. सगळ्यांचं सांडलं. सोलापूरच्या कॉलेजातले एक सर परीक्षक होते. ते वाकून ओल्या मातीकडं बघत आणि मान हलवत.

मग यांचा नंबर आला. महादेवी चौरंगावर चढली, हातात पितळी तांब्या. खाली तिपाईवर पातेलं आणि त्याच्याशी दोरीचं टोक धरून गौतमी. मधे उत्तरेश्वर बेचक्याच्या काठीवर दोरी तोलून धरत होता. महादेवीनं तांब्या कलता केला. पाणी दोरीवरून चाललं. उन्हाची तिरीप पडली होती, त्यात ते चांदीच्या तारेसारखं दिसलं.

"लांब हो गं," महादेवी सवयीनं म्हणाली, "तू मागं हो."

पार्वतम्माच्या कानांना ते शब्द ओळखीचे वाटले. आवाज लेकीचा होता, पण ठसका, मान वाकडी करून म्हणायची ढब, सगळं तिचं स्वतःचं. तिला क्षणभर वाटलं, चौरंगावर आपणच उभ्या आहोत.

तांब्या रिकामा झाला. खालची माती कोरडी ठणठणीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक सरांनी दोरी हातात घेऊन चोळली, वास घेतला.

"छान. फारच छान. पण ही तर लोकर आहे. टेबलावर आम्ही सुती दोरी ठेवली होती. सूत पाणी लगेच पितं, लोकर पीत नाही. तुम्हाला तिच्यावर किती मेहनत करावी लागली असेल. मग लोकरच का घेतली?"

महादेवीला उत्तर येत होतं. येत असलेलं उत्तर ती नेहमी मोठ्यानं देई. समोर माईक होता.

"सुताला विटाळ चढतो. खालच्या भांड्यातनं वरच्यात येतो. लोकरीला चढत न्हाय."

कर्ण्यातून ते शब्द आवारभर गेले. परीक्षकांनी दोरी हातातच धरून ठेवली. "काय म्हणालीस?"

"खरंय सर," उत्तरेश्वर मदतीला धावला. "आमच्या हिरीवर रोज करतेत. रेशीमबी चालतंय, पर ते कुठनं आणावं?"

मांडवात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. सरांनी गौतमीकडं पाहिलं. तिनं अजून टोक धरलंच होतं, हात लांब करून, शिकवल्याप्रमाणं.

"कुणी शिकवलं हे?" सरांचा आवाज बारीक झाला होता.

"आमच्या अव्वानं."

पुढच्या रांगेत बसलेले गुरुजी उठायला गेले आणि अर्धे उठून तसेच राहिले. गुडघे वाकलेले, एक हात खुर्चीवर. संघाचे चेअरमन आबाराव तोवर शेजाऱ्याशी पेंडीच्या भावाचं बोलत होते. त्यांना टाळ्या ऐकू आल्या होत्या आणि शेवटचा शब्द. ते हसत माईकपाशी आले.

"वा! ज्या माउलीनं या लेकरांना घडवलं त्या माउलीनं मंचावर यावं. या, या बाई. लाजू नका."

बाजूच्या बायांनी पार्वतम्माला हात धरून उठवलं. आपण चालतोय हे तिला पायांना खडे बोचले तेव्हा कळलं. तिच्या ओटीत नारळ पडला, खण पडला. गळ्यात झेंडूचा हार. आबाराव म्हणाले, "दोन शब्द बोला. कशी सुचली ही युक्ती?"

तिथून तिला सगळा मांडव दिसत होता. एरवी धावेवरून दिसे तसा, वरून. सतरंजी जिथं संपत होती तिथं जाईबाई मातीत बसली होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. उन्हात तापलेला दगड जसा असतो तसं ते तोंड होतं. पार्वतम्माच्या तळहातांची सालं एकदम चुरचुरली.

"पाणी..." ती म्हणाली. "पाणी सांडू नये म्हणून."

"ऐका!" आबाराव गरजले. "पाणी सांडू नये म्हणून! दुष्काळात यापेक्षा मोठा विचार कोणता?"

टाळ्या पडल्या. खाली गौतमीही टाळ्या वाजवत होती. परीक्षक सरांनी दोरी टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि पुसत राहिले. थेंब सांडला नव्हता तो नव्हताच. पहिला नंबर यांनाच द्यावा लागला.

परतीच्या एस.टी.त पोरं गाणी म्हणत होती. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. अणदूर मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "लोकरीचं तू सांगितलंस पोरांना?"

"इचारलं, सांगितलं." हार तिच्या मांडीवर कोमेजला होता. "मी रोज काय करते ते तुमी कधी इचारलंत? घरात माठ भरलेला असतो, तुमी पिता."

गुरुजींनी पुन्हा खिडकीकडं तोंड वळवलं.

हापसा पावसाळ्याआधी बसेल असं संघानं सांगितलं होतं. पण तहान तोवर थांबणार नव्हती. सकाळी पार्वतम्मा विहिरीवर गेली. धावेवर तुळजाबाई आणि आणखी दोघी होत्या. "आल्या बगा बक्षीसवाल्या!" तुळजाबाई म्हणाली. "आमच्या उत्तऱ्याला रातभर झोप न्हाय."

खाली थारोळ्यावर जाईबाई होती. गौतमीनं नेहमीसारखी दोरी भिजवून तयार ठेवली होती. तिनं एक टोक वर फेकलं. ते पार्वतम्माच्या पायाशी पडलं.

पार्वतम्मानं ते उचललं नाही. तिनं पोहरा सोडला, हलवला, भरला, वर ओढला. मग तो दोन्ही हातांत धरून ती धावेवरून खाली उतरली. आपण काय करतोय हे तिनं ठरवलं नव्हतं. पाय उतरले. थारोळ्याशी येऊन ती वाकली आणि पोहऱ्याचा काठ हंड्याच्या काठाला टेकवून पाणी ओतू लागली.

लोखंडाला जर्मल लागून ठण्ण आवाज झाला.

जाईबाई साप दिसल्यासारखी मागं उडाली. तिच्या पायाचा धक्का लागून हंडा आडवा झाला. सगळं पाणी दगडावर गेलं, चर्र करून.

"काय केलंत हे, मास्तरीणबाई!" तिचा आवाज फाटला. "कुणाला इचारून केलंत? म्या म्हणाले व्हते का? तुमचं काय, तुमी घरला जाल. सोमलिंगाप्पा उद्या आमची वाट बंद करंल. हापसा यायच्या आत आमची लेकरं काय पितील? तुमचा हार?"

पार्वतम्मा रिकामा पोहरा धरून उभी राहिली. आपण काहीतरी चांगलं केलं असं तिला मघापर्यंत वाटत होतं. आता ते कुठं गेलं, सापडेना.

ती वळून धाव चढू लागली. तुळजाबाई वाटेत आडवी झाली. तिच्या डोळ्यांत कसलाच दुष्टपणा नव्हता, भीतीच होती.

"नगा येऊ वर. तेवढा पोहरा हिरीत नगा सोडू, पाया पडते. शिवलाय तो. तुमीबी शिवलाव." तिनं विहिरीकडं हात केला. "एकच हीर ऱ्हायलीय समद्या गावाला. घरी जाऊन न्हा, पोहरा राखंनं घासा, सोमलिंगाप्पाला काय ते इचारू. तवर..."

"घरात म्हातारा तहानलेला हाय," पार्वतम्मा म्हणाली. तिची पितळी घागर वर धावेवर होती, रिकामीच.

"म्या ओतते की! म्या न्हाय म्हणाले का? कुणाला तहानलेलं परत लावावं असं कुठं हाय?" तुळजाबाईनं घागरीला स्वतःचा पदर लागू न देता ती काठीनं खाली ढकलली. घागर गडगडत थारोळ्यापर्यंत आली. "बसा तिथं. रागावू नका. रीत हाय, मास्तरीणबाई, तुमाला काय सांगायचं."

पार्वतम्मा खाली आली. जाईबाई अजून धापा टाकत होती. मग पदर सावरून थोडी बाजूला सरकली आणि दगडावर एका माणसापुरती जागा झाली. पार्वतम्मा तिथं बसली. दगड तापलेला होता. तो इतका तापतो हे तिला माहीत नव्हतं.

वर तुळजाबाईनं आपला पोहरा भरला आणि धावेवर पडलेलं लोकरीचं टोक उचलून त्याच्या काठाशी धरलं. "दुसरं टोक धरा!"

गौतमीनं सोडलेली दोरी पार्वतम्माच्या मांडीवर पडली. तिनं ती घागरीशी धरली. दोरीला झोल पडला.

"असं न्हाय, मास्तरीणबाई." गौतमी तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिच्या सालं निघालेल्या हाताकडं, हात न लावता, बोट दाखवू लागली. "ताणून धरा. आन थोडं मागं व्हा. ढिली पडली की सांडतंय."

पार्वतम्मानं दोरी ताणली. मागं सरली. वरून पाणी निघालं, चकाकत, हळूहळू, लोकरीला बिलगून. एक थेंबही सांडला नाही.